शेजारच्या मावशींचा प्रश्न

"तुम्ही देव मानत नाही ना, मग बुद्धापुढे मेणबत्ती कशाला लावता?" शेजारच्या मावशींनी नळावर सहज विचारले आणि आमची आठवीतली लेक निरुत्तर होऊन घरी आली. "बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून, असं सांगायचं," आम्ही म्हणालो. तिचे समाधान झाले नाही.

तिचेच बरोबर होते. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. एकवीस वर्षे ज्यांनी धर्म पारखले, त्यांचे नाव आपण प्रश्न बंद करायला वापरावे काय? बाबासाहेबांनी रूढ बुद्धचरित्रही तपासले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले म्हणतात. पण एकोणतीस वर्षांच्या माणसाने हे आधी कधीच पाहिले नव्हते काय? १९५७ साली निघालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच हा प्रश्न आहे. पुढे रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा तंटा त्यांनी कारण म्हणून मांडला.

'मिलिंदपञ्ह' ग्रंथात यवन राजा मिलिंद भन्ते नागसेनांशी चर्चा करू पाहतो. भन्ते आधीच अट घालतात : पंडितासारखा बोलणार असशील तर बोलू, राजासारखा नाही. पंडित चूक दाखवली तर कबूल करतो, रागावत नाही. राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा ठोठावतो. आपल्या वस्तीतल्या वादांत असे राजे बरेच भेटतात. आम्हीही त्यांतलेच.

मग लेकीबरोबर बसून उत्तर जुळवले. वंदनेत आपण काही मागत नाही. पंचशीलात 'समादियामि' म्हणतो, म्हणजे हा नियम मी स्वतः घेतो. मेणबत्ती आदराची, नवसाची नव्हे. पण मूर्तीपुढे मुलाच्या नोकरीसाठी हात जोडणारी घरे आपल्यात आहेतच. तिथे मावशींचा मुद्दा खरा ठरतो, हेही तिला सांगितले.

लेक मावशींशी बोलून आली. मावशींनी दुसरा प्रश्न दिला होता : आत्मा नाही तर पुनर्जन्म कोणाचा? आम्ही नागसेनांचा दिवा सांगितला. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच नसते, पण वेगळीही म्हणता येत नाही.

"मग तेल कशाचं, आई?"

रविवारी विहारात भन्तेजींना विचारायचे ठरले आहे. मावशीही येते म्हणाल्या.