हाफ केस घेताय? आधी कॅमेरा उलटा करा



फिल्म कॅमेरे पुन्हा बाहेर निघालेत. कुणाच्या घरी बाबांचा जुना पेंटॅक्स सापडतो, कुणी सेकंडहँड निकॉन घेतं. आणि कॅमेरा हातात आला की बहुतेकांची पहिली खरेदी ठरलेली असते: लेदरची हाफ केस.

हाफ केस म्हणजे कॅमेऱ्याचं बूड आणि खालची बाजू झाकणारं, वरचा भाग मोकळा ठेवणारं चामड्याचं कव्हर. पूर्वी पूर्ण केस असायची. फोटो काढताना तिचं पुढचं झाकण खाली लोंबायचं. हाफ केसला ती कटकट नाही. पकड चांगली मिळते, घासाघाशीपासून बचाव होतो आणि दिसतेही छान.

पण घेताना पहिला प्रश्न काय विचारला जातो? "टॅन घेऊ की काळी?" रंग शेवटी बघा. आधी कॅमेरा उलटा करा. केस बसणार बुडावर, आणि फिल्म कॅमेऱ्याची निम्मी कामं बुडाशीच होतात. ती कामं केस अडवते का, एवढं कळलं की निवड सोपी होते. तुम्ही गिऱ्हाईक असा किंवा हाफ केस शिवून विकणारे असा, हे दोघांनाही लागू आहे.

१. रिवाइंड बटण मोकळं आहे का?

पेंटॅक्स के-१०००, निकॉन एफएम-२, कॅनन एई-१ या तिन्ही कॅमेऱ्यांत रिवाइंडचं छोटं बटण बुडाला आहे. रोल संपला की ते दाबायचं, मगच फिल्म उलटी गुंडाळता येते. केसला तिथे भोक नसेल तर दर रोलला केस काढावी लागते. गर्दीत, लग्नाच्या मांडवात, वारीत कोण एवढं करत बसतं? मग लोक बटण न दाबताच जोर लावून दांडी फिरवतात. फिल्मच्या कडेची भोकं फाटतात, किंवा वैतागून पाठ उघडली जाते आणि काढलेल्या फोटोंवर उजेड पडतो. रंगीत रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅन मिळून खर्च आज सहज हजाराच्या पुढे जातो. त्या दिवसाचे फोटो तर पैसे देऊनही परत मिळत नाहीत.

ऑलिंपस ओएम-१ ची गोष्ट वेगळी. त्याचा रिवाइंडचा खटका पुढच्या बाजूला आहे. म्हणून तिथे बुडाचं भोक नाही, केसची पुढची उंची तपासायची.

२. पाठ उघडते का?

वरच्या कॅमेऱ्यांची पाठ दारासारखी बाजूला उघडते. केसची मागची कड दाराच्या खालच्या काठापेक्षा वर आली तर दार अडकतं. मागून पुरेशी खाली कापलेली किंवा मागे बटणाची पट्टी असलेली केस घ्या. विकत घेण्याआधी विक्रेत्याला सांगा, केस घातलेली असताना पाठ पूर्ण उघडून दाखवा.

लायकाच्या एम मालिकेतल्या फिल्म कॅमेऱ्यांना हा नियम चालत नाही. १९५४ च्या एम-३ पासून तिथे रोल भरताना बुडाची पत्रीच काढावी लागते. म्हणजे केस दर रोलला निघणारच. तिथे भोकांपेक्षा केस किती पटकन निघते हे महत्त्वाचं. नाणं लावून फिरवायच्या स्क्रूपेक्षा बोटांनी फिरणारा स्क्रू किंवा बटणाने बसणारी केस बरी.

३. बॅटरी कुठे आहे?

के-१०००, एफएम-२ आणि ओएम-१ मध्ये बॅटरी बुडाला असते. पण या तिघांचं शटर बॅटरीशिवाय चालतं, फक्त मीटर बंद पडतो. त्यामुळे बॅटरीसाठी वेगळं भोक नसलं तरी चालेल. एई-१ चं शटर मात्र बॅटरी संपली की चालतच नाही, आणि त्याचं बॅटरीचं दार समोर आहे. केसची पुढची बाजू त्या दारावर आली तर ती केस नको.

पुढची बाजू बघतानाच सेल्फ टायमरचा खटका खालपर्यंत फिरतो का तेही पाहा. एफएम-२ ला तो आहे, के-१००० ला नाही.

४. कॅमेऱ्याचं वजन कशावर आहे?

कॅमेऱ्याचा पट्टा कॅमेऱ्याच्याच कड्यांना लागला पाहिजे, आणि केसला त्या कड्यांसाठी खाचा हव्यात. काही केसना पट्टा केसलाच शिवलेला असतो. मग सगळं वजन एका स्क्रूवर आणि शिवणीवर येतं. शिवण उसवली की कॅमेरा थेट जमिनीवर.

तो स्क्रू ट्रायपॉडच्या भोकात बसतो. बहुतेक कॅमेऱ्यांना पाव इंची आटे असतात, काही जुन्या युरोपीय कॅमेऱ्यांना तीन-अष्टमांश इंची. स्क्रू बोटांनी सहज आत गेला पाहिजे. केस घट्ट बसण्याआधीच स्क्रू अडला तर तो लांब आहे. पक्कड लावून ओढू नका.

५. आता चामडं

चामडं कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक झाडांच्या साली-फळांची, दुसरी क्रोमची. पहिली आपल्याला परकी नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. असं चामडं ताठ असतं, ओलं करून साच्यावर बसवलं तर वाळल्यावर तोच आकार धरून ठेवतं आणि वापराने त्याचा रंग खुलतो. हाफ केसला असंच चामडं हवं. क्रोमचं चामडं मऊ आणि पाण्याला जास्त टिकाऊ, पण आकार तितका धरत नाही. बॅगेला उत्तम, हाफ केसला ढिलं पडतं.

जाडी साधारण दीड ते दोन मिलिमीटर पुरते. ओलसर पांढरं फडकं आतून-बाहेरून घासून पाहा. रंग फडक्याला लागला तर तो शर्टालाही लागणार. आतलं अस्तर मऊ असलं तरी त्यात वाळूचे कण अडकतात आणि कॅमेऱ्याच्या बुडावर ओरखडे पाडतात. अधूनमधून केस काढून झटका.

६. पावसाळ्यात केस वेगळी

चामडं ओल धरून ठेवतं आणि लेन्सच्या बुरशीला ओलच हवी असते. कोकणात, मुंबईत, गोव्यात जूनपासून कॅमेरा केससकट कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. केस काढून हवेशीर जागी ठेवा. कॅमेरा आणि लेन्स सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात.

विकणाऱ्यांसाठी

तुम्ही चामड्याचं काम करत असाल तर एक लक्षात घ्या. गिऱ्हाईक पहिल्यांदा पैसे देतं ते दिसण्याला. दुसऱ्यांदा येतं किंवा मित्राला पाठवतं, ते रोल बदलताना अडचण आली नाही म्हणून.

- "सगळ्या कॅमेऱ्यांना बसेल" असं लिहू नका. मॉडेलचं पूर्ण नाव लिहा. एई-१ आणि एई-१ प्रोग्राम ही नावं सारखी वाटतात, पण प्रोग्रामला पुढे काढता येणारी ग्रिप आहे. एकाची केस दुसऱ्याच्या नावावर विकली की माल परत येतो आणि येण्या-जाण्याचं कुरिअर तुमच्या खिशातून.
- सुरुवात एकाच मॉडेलने करा. तो कॅमेरा हातात घेऊन माप घ्या, इंटरनेटवरच्या फोटोवरून नाही. ओलं चामडं चालू कॅमेऱ्यावर बसवू नका. त्याच मापाचा लाकडी ठोकळा करून घ्या.
- जाहिरातीत तीन फोटो हवेतच: बुडाचा, पाठ उघडलेला आणि पट्ट्याच्या कड्यांचा. रंगाचा फोटो चौथा.
- रेक्झिन असेल तर रेक्झिन लिहा. वर्षभरात पापुद्रे निघाले की गिऱ्हाईक बोलतं, आणि ते चारचौघांत बोलतं.
- किंमत काढताना चामडं, दोरा आणि स्क्रूबरोबर तुमचे तासही धरा. हाताची शिवण वेळखाऊ असते. तो वेळ फुकट धरला तर विक्री वाढेल तसा तोटाही वाढेल.

आजचा गृहपाठ

कॅमेरा रिकामा आहे याची खात्री करा. मग तो उलटा करून बुडाचा एक फोटो काढा. रिवाइंड बटण, बॅटरी, ट्रायपॉडचं भोक आणि पाठीचा काठ यांवर खुणा करा. दुकानात जाताना तो फोटो मोबाइलमध्ये असू द्या. विक्रेते असाल तर असाच फोटो प्रत्येक ऑर्डरला गिऱ्हाइकाकडून मागून घ्या, आणि तो तपासल्याशिवाय चामड्याला कात्री लावू नका.