वज्रीपासून बोंडल्यापर्यंत

२००५ चा जुलै. रविवार सकाळपासून पावसाची झड लागलेली. थोरली सहा वर्षांची, धाकट्याला तिसरं लागलेलं, आणि बार्शीहून आई आठ दिवसांसाठी आमच्याकडे पुण्याला आलेली. मुलांना घरात राहवत नव्हतं, बागेत नेण्यासारखं नव्हतं, म्हणून रिक्षा केली आणि बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. तासाभरात परत येऊ असं वाटलं होतं. दुपारचे दोन वाजले तरी आम्ही आतच होतो, आणि त्याला कारण आई.

एका काचेमागे पितळेच्या वज्र्या मांडल्या होत्या. आंघोळीच्या वेळी तळपायाची टाच घासतात, त्या. हातात धरायच्या भागावर कोरीव पक्षी-प्राणी, आणि खालचा तळ मुद्दाम खरखरीत केलेला. मी त्या नुसत्या सुंदर वस्तू म्हणून बघून पुढे निघाले होते. आई मात्र तिथेच थांबली आणि थोरलीला म्हणाली, "हे बघ बाळा, ही उलटी धरायची नाही. नक्षी तळहातात यायला हवी, म्हणजे ओल्या हातातून निसटत नाही." आणि काचेबाहेर, हवेतच, तिने मनगट वळवून दाखवलं. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की ती नक्षी शोभेपुरती नव्हती, ती बोटांना पकड मिळावी म्हणून होती. शेजारच्या कुटुंबातल्या दोन मुली आईच्या मागोमाग फिरायला लागल्या. अडकित्त्यांपाशी तर चांगला घोळका जमला.

तिथून आम्हाला ही सवय लागली. त्यानंतरच्या वीस वर्षांत आम्ही छोटी-मोठी तीसेक संग्रहालयं आणि छंदिष्टांची प्रदर्शनं पाहिली असतील. मोठी नावाजलेलीही पाहिली, पण मनात घर करून राहिली ती लहानच. ती बहुतेक एका माणसाच्या ध्यासातून उभी राहिलेली असतात. दिनकर केळकरांचंच पाहा. घरचा चष्म्यांचा व्यवसाय, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा माणूस, आणि १९२० च्या सुमारास जुन्या वस्तूंचा नाद लागला तो जन्मभराचा. गावोगाव हिंडून दिवे, दौती, कुलुपं, वाद्यं, दारं, खिडक्या गोळा केल्या. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव संग्रहाला दिलं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून ते दालन इथे पुन्हा उभं केलं. पुढे सगळंच्या सगळं राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत, आणि जागेअभावी त्यातल्या थोड्याच मांडलेल्या. बाकीच्या कधी बघायला मिळतील, हा प्रश्न मला प्रत्येक भेटीत पडतो.

पुढच्या वर्षी धाकट्याचा रेल्वेचा काळ सुरू झाला. ताटातल्या शेंगांचीही तो आगगाडी करायचा. त्याला कर्वे रस्त्याजवळच्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात नेलं. भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं हे छोटं शहर १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालं. वाफेचं इंजिन, डिझेल, डोंगर चढणारी गाडी, वरून लटकत जाणारी गाडी, सर्कस, पूल, रस्ते; आणि मग खोलीतले दिवे मंदावतात, शहरातले इवले दिवे लागतात. या छंदात एचओ नावाचं एक माप जगभर चालतं. खरी गाडी सत्त्याऐंशी पट लहान केली की ते होतं, आणि रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. रुळांतूनच कमी दाबाची वीज इंजिनाला मिळते, म्हणून रुळावर जरा धूळ बसली तरी गाडी अडखळते. रोज हे सगळं पुसून, तपासून चालू ठेवायला किती चिकाटी लागत असेल!

धाकट्याची हनुवटी बरोबर कठड्याला टेकत होती. तो गाड्यांकडे बघतच नव्हता. तो सिग्नलकडे बघत होता. लाल होता, हिरवा झाला, मग गाडी आली. "सिग्नलला कसं कळलं गाडी येतेय?" हे त्याने त्या दिवशी मला निदान दहा वेळा विचारलं. आईला मात्र तिची बार्शी लाईट आठवत होती. १८९७ साली सुरू झालेली अडीच फुटी रुळांची गाडी. आईच्या लहानपणी ती तिच्या आजीबरोबर याच गाडीने पंढरपूरला जायची. खिडकीतून हात बाहेर काढला की बाभळीचा पाला हाताला लागायचा, डब्यात बायकांचे अभंग चालू असायचे, आणि पितळी डब्यातल्या दशम्या कुर्डुवाडी यायच्या आत संपलेल्या असायच्या. आता तिथे मोठे रूळ पडले. समोर चिमुकली गाडी वळण घेत होती आणि आई मुलांना तिच्या गाडीचं सांगत होती. दोन्ही गोष्टी मुलांच्या डोक्यात एकत्रच शिरल्या. अजूनही धाकटा बार्शी लाईट स्वतः पाहिल्यासारखा बोलतो.

२००९ च्या डिसेंबरात तुळजापूरला जाताना आईने वाट वाकडी करायला लावली. तेरला गोरोबाकाकांचं दर्शन घ्यायचं होतं. दर्शन झालं आणि गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलो. हे ठिकाण महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेने मुलांना दाखवावं, असं मी अगदी मनापासून म्हणते. तेर म्हणजे सातवाहनांच्या काळातलं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची मोठी बाजारपेठ म्हणून त्याचं नाव येतं. गावाभोवती पांढरीची टेकाडं आहेत. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची माती. पाऊस पडून गेला की तिच्यातून मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या मूर्ती वर येतात. लामतुरे गावातलेच. पुरातत्त्वाची पदवी वगैरे काही नाही, पण नजर होती आणि गावाबद्दल माया होती. पायाखाली तुडवलं जाणारं ते त्यांनी वर्षानुवर्षं वेचून जपलं आणि शेवटी सरकारच्या हाती दिलं. त्यात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली. पॉम्पेई बुडालं इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे बार्शीपासून तासाभराच्या वाटेवरच्या या गावाची आणि त्या शहराची कारागिरी एकाच काळातली, एकाच व्यापाराच्या धाग्यावरची. मुलांना मी हे सांगताना माझाच आवाज चढला होता.

आणि एका मांडणीत भाजक्या मातीच्या वज्र्या होत्या. आयताकृती, तळाला रेघोट्या मारलेल्या. आई बघतच राहिली. "आमच्या न्हाणीत हीच होती," म्हणाली. मग स्वतःलाच दुरुस्त करत, "अशीच होती." थोरली तेव्हा दहा वर्षांची. तिने आजीचा हात धरून मनगट तसंच वळवलं, चार वर्षांपूर्वीसारखं.

मधली काही वर्षं भराभर गेली. औंधला यमाईच्या डोंगरावरच्या श्री भवानी संग्रहालयात आम्ही गेलो. पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या त्या इमारतीत वरून येणाऱ्या उजेडात रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं दगडातलं आई-मूलही. साताऱ्याकडच्या एका टेकडीवर ते असावं, याचं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही. कोल्हापूरजवळ कणेरी मठावरच्या सिद्धगिरी संग्रहालयात आईने नातवंडांना मोट समजावली. नाडा कुठला, सोंदूर कुठला, बैल धावेवरून उतरले की सोंड कशी वर राहते आणि थारोळ्यात पाणी कसं ओतलं जातं. शिल्पं सिमेंटची, जागची हलत नव्हती. आईच्या बोलण्याने ती हलायला लागली.

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाने मात्र थोरलीला कायमचं बांधून घेतलं. हे खनिजांचं संग्रहालय २००१ पासूनचं. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे आतच अडकले. नंतर लाखो वर्षं दगडातून पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांमध्ये स्फटिक वाढत गेले: अपोफिलाइट, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट. बाहेरून कुरूप धोंडा आणि फोडला की आत हिरवट काचेसारखी फुलं. एका कपाटात गडद निळा कॅव्हन्साइट होता, पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला. वाघोली आम्ही रोज बोलण्यात घेतो, तिकडे घरं स्वस्त आहेत का म्हणून. त्याच वाघोलीच्या दगडात असा निळा रंग आहे, आणि त्यासाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात! आई म्हणाली, विहिरीला सुरुंग लावला की असे चमकते खडे निघायचे, आम्ही पोरी ते सागरगोट्यांत मिसळून खेळायचो. थोरली आजीवर चिडली, "आणि फेकून दिलेस?" त्यानंतर तिच्या खोलीत खोक्यांमध्ये दगड साठायला लागले. आज ती भूशास्त्र शिकून त्याच कामात आहे.

धाकट्यामुळे नाण्यांची प्रदर्शनं झाली. ती बहुधा एखाद्या सभागृहात, दोन-तीन दिवसांची असतात. टेबलांच्या रांगा, ट्यूबलाइटचा उजेड, आणि प्रत्येक टेबलामागे आपला संग्रह जिवापाड जपणारा एक माणूस. नाणं कडेला धरायचं, मधे बोट लावायचं नाही, हे तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी धाकट्याला शिकवलं, आणि मग १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा त्याच्या हातात ठेवला. आई लगेच म्हणाली, "हे आम्ही करगोट्यात ओवायचो." ते गृहस्थ खुर्चीतून उठले. पुढचा पाऊण तास त्या दोघांचं १ एप्रिल १९५७ बद्दल बोलणं चाललं. त्या दिवसापासून नवे पैसे आले. रुपयाचे चौसष्ट पैसे होते त्यांचे शंभर झाले, आणि तेरा वर्षांच्या आईला वाणसामान आणताना आण्याचे सव्वासहा पैसे तोंडी मोजावे लागत. वाणी सव्वासहा धरायचा, आई सहा धरायची. धाकटा तिथे उभा राहून हिशेब करत होता.

सगळंच गोड नव्हतं. एका जिल्ह्याच्या गावी दीडशे किलोमीटर जाऊन पोचलो तर दाराला कुलूप. आठवड्याची सुट्टी नव्हती, कसला फलक नव्हता, चौकशीला माणूस नव्हता. आईचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. ती पायरीवर बसून राहिली, आणि तिला परत गाडीत बसवताना मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या एका ठिकाणी निम्मे दिवे गेलेले, मुलांनी मोबाइलच्या उजेडात तलवारी पाहिल्या. तिथेच एका लाकडी पेटीपुढे पाटी होती: 'पेटी. घरगुती वापर.' एवढंच. आई वाकून बघत म्हणाली, "अगं, ही फणेरपेटी. झाकणाला आतून आरसा असतो. हा कप्पा फणीचा, हा मेणाचा, हा पिंजरीचा. आधी कपाळाला मेणाचं बोट लावायचं, मग त्यावर पिंजर, म्हणजे कुंकू गोल बसतं आणि घामाने उतरत नाही." दारावरचे शिपाईमामा ऐकत होते. त्यांनी पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते लिहून घेतलं. 'फणेर' कसं लिहायचं ते दोनदा विचारलं. त्या कागदाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. पण मी जेव्हा जेव्हा 'घरगुती वापर' असं लिहिलेली पाटी बघते, तेव्हा मला वाटतं, हे लिहिण्याआधी गावातल्या चार म्हाताऱ्या बायकांना इथे आणून बसवायला हवं होतं. चहा पाजायचा आणि ऐकायचं. एवढ्याने निम्म्या पाट्या बदलल्या असत्या.

२०२१ मध्ये आई गेली. आम्ही दोन वर्षं कुठेच गेलो नाही. आधी साथीमुळे, मग मन होत नव्हतं म्हणून. तिच्या बार्शीच्या घरातून तीन गोष्टी आणल्या: एक अडकित्ता, दशम्यांचा तो पितळी डबा, आणि न्हाणीतली मातीची वज्री. कड उडालेली आहे. थोरलीने ती तिच्या दगडांच्या कपाटात ठेवली आणि खाली चिठ्ठी लावली. त्यावर वस्तू, गाव, काळ लिहून झाल्यावर कशी धरायची, हेही लिहिलं.

२०२४ च्या डिसेंबरात थोरलीनेच आम्हाला हाक मारली. एका गृहस्थांनी जमवलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं प्रदर्शन होतं, आमच्याच भागात, कार्यालयाच्या हॉलमध्ये. धाकटा तेव्हा बावीस वर्षांचा, तोही आला. सतेली, तपेली, झाऱ्या, गडवे, घंगाळं ओळखत आम्ही चाललो होतो. एका टेबलावर मुठीत मावेल एवढं पितळी भांडं होतं. उथळ, आणि एका बाजूला निमुळती चोच. दिव्यासारखं, पण दिवा नव्हे. "आई, हे कशाचं?" थोरलीने विचारलं. मला येत नव्हतं. आणि मी मान वळवून मागे बघितलं, वीस वर्षांच्या सवयीने.

मागे एक आजी उभ्या होत्या. नऊवारी, हातात काठी, बरोबर सून असावी. त्यांनी आम्हाला जरा बाजूला केलं आणि विचारणाऱ्या थोरलीकडे बघत म्हणाल्या, "बोंडलं आहे हे. लेकराला यातून दूध पाजायचं." काठी सुनेकडे दिली, डावा हात कोपरात वाकवून त्यावर नसलेलं बाळ घेतलं, आणि उजव्या हाताच्या बोटांनी ती चोच त्याच्या गालाच्या कडेला लावली. "मधे घालायचं नाही, ठसका लागतो. इथून, कडेनं." मग म्हणाल्या, "माझे चारही यावरच वाढले."

थोरलीने पिशवीतून वही काढली. धाकट्याने आजींसाठी खुर्ची आणली, पण त्या बसल्या नाहीत. पुढच्या टेबलावर त्यांना काहीतरी दिसलं होतं. त्या तिकडे निघाल्या, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे.