मुंबईत जेवायचं कुठे?

आज विषय थोडा घरगुती आहे. सरोजिनी नगरात आमच्या शेजारी राहणारा एक मुलगा नोकरीसाठी मुंबईला निघालाय. जन्म दिल्लीचा, घरात मराठी, बाहेर हिंदी. परवा विचारत होता, "काकू, तिथे जेवायचं कुठे? नेटवर शंभर नावं येतात." त्याला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते, कारण असे प्रश्न इथल्या बऱ्याच घरांतून मला येतात.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. दिल्लीत आपली माणसं सरकारी नोकरीत आली, क्वार्टर मिळालं, क्वार्टरला स्वयंपाकघर होतं, मागोमाग बायकामुलं आली. म्हणून इथे मराठी खानावळ फारशी रुजलीच नाही. आठवण आली की महाराष्ट्र सदन गाठायचं, नाहीतर आयएनए मार्केटातून मासे आणून घरीच करायचे. मुंबईत उलटं झालं. तिथे माणूस आधी एकटा आला. कोकणातून, घाटावरून, उडुपीकडून, इराणातून. दहाजणांच्या खोलीत राहिला आणि भूक भागवायला बाहेर पडला. मुंबईची नावाजलेली बहुतेक जुनी हॉटेलं या एकट्या माणसाच्या पोटातून जन्मली आहेत.

माटुंग्याचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग घ्या. १९४२ सालचं. नावातच 'बोर्डिंग' आहे बघा. माटुंगा स्टेशनाला लागून, वरच्या मजल्यावर. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाजी, ताक. आग्रहाने वाढतात, आणि पुढचा माणूस वाट बघतोय हे जाणून आपणही पटकन उठायचं असतं. जवळच १९४० चं कॅफे मद्रास आहे, पण ते नाश्त्याचं ठिकाण.

इराण्यांकडे मात्र बसू देतात. धोबीतलावचं कयानी १९०४ पासून आहे. ब्रून मस्का, चहा, अकुरी, खिमा पाव. समोरच बस्तानी होतं, ते बंद पडलं. इराण्यांना कोपऱ्यावरच्या जागा मिळाल्या, कारण म्हणे इतर व्यापारी कोपरा अशुभ मानत. खरं-खोटं देव जाणे, पण दोन्ही बाजूंनी उजेड आणि वारा आला हे खरं. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. तिथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. त्यातली आंबट लाल फळं इराणची, झरश्क. मालक बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाशी येऊन गप्पा मारत, २०१९ मध्ये ते गेले. हे दुपारचं हॉटेल आहे, कचेऱ्यांच्या वेळेवर चालणारं. संध्याकाळी जाऊन दार बंद दिसलं तर मला फोन करू नका!

आता मासे. माझे वडील लग्नाआधी गिरगावात राहत आणि खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमात जेवत. दिल्लीला बदली झाल्यावर चाळीस वर्षं त्यांनी तिथल्या आमटीचं नाव काढलं. मी शेवटी त्यांना घेऊन गेले, तेव्हा ते बंद झालेलं होतं. वडील पायरीपाशी जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ." म्हणून त्या मुलाला म्हटलं, ज्याला जायचं त्याने वेळेवर जावं. वांद्रे पूर्वेला हायवे गोमांतक आहे, तिथे जा. तळलेला बोंबील आधी खा. बोंबिलात पाणी फार, म्हणून चिरून वजनाखाली दाबतात आणि मग रव्यात घोळवून तळतात. तो बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा लागला, तर स्वयंपाकी कसलेला समजायचा. एक सूचना: १ जूनपासून साधारण दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या पापलेटचा हट्ट धरू नका.

दादरला मामा काणे, १९१० पासून. बटाटेवडा. शिवसेना भवनासमोर आस्वाद, तिथल्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडी हबचा जगातल्या सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. मला विचाराल तर मिसळ जरा सौम्य आहे, थालीपीठ घ्या.

पण ही सगळी रविवारची ठिकाणं झाली. महिन्याच्या पगारात रोज हॉटेल परवडत नाही, आणि हा प्रश्न नवीन नाही. गिरणगावात तो बायकांनी सोडवला. एकेक बाई आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा-वीस कामगारांचा डबा करायची. पैसे महिनाअखेरीला, तोवर किराणा उधारीवर, व्याज तिच्या डोक्यावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते सावकारी व्याजातून सुटण्यासाठी. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा पहिल्यांदा रिकामी झाली ती याच बायकांची ताटं. त्यांची नावं कुठल्याही यादीत नाहीत, पण मुंबईतलं सर्वांत मोठं हॉटेल त्यांनीच चालवलं असं माझं मत आहे.

त्यांचा वारसा आज पोळी-भाजी केंद्रांत दिसतो. खोली घेतलीस की आधी असं एक केंद्र शोध, असं त्या मुलाला सांगितलं. पोळी मऊ आहे का आणि मावशी नाव विचारतात का, एवढं बघ.

पहिल्या रविवारी माटुंग्याहून पानाचा फोटो पाठवतो म्हणालाय. मी म्हटलं, साडेबाराच्या आत पोच, नंतर रांग लागते.