सर्व्हर की ब्राउझर?

नवं अ‍ॅप करायला घेतलं की पहिल्याच बैठकीत वाद रंगतो: ब्राउझरमध्ये चालणारं रिअ‍ॅक्ट घ्यायचं की सर्व्हरवर चालणारं लाराव्हेल? खरं तर आधी ठरवायचं ते वेगळंच असतं. कोणतं काम वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये करायचं आणि कोणतं आपल्या सर्व्हरवर? या प्रश्नाभोवती गैरसमज भरपूर आहेत.

गैरसमज: जावास्क्रिप्ट ही फक्त ब्राउझरची भाषा.

वस्तुस्थिती: ब्रेंडन आइक यांनी १९९५मध्ये ती नेटस्केपच्या ब्राउझरसाठी तयार केली हे खरं. पण २००९मध्ये रायन डाल यांनी नोड आणलं आणि हीच भाषा सर्व्हरवर सर्रास वापरात आली. भाषेच्या नावावरून बाजू ठरत नाही.

गैरसमज: फॉर्म ब्राउझरमध्येच तपासला, आता सर्व्हरवर पुन्हा कशाला?

वस्तुस्थिती: सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. समजा, ऑर्डरच्या पानावर वस्तूची किंमत १२०० रुपये एका लपवलेल्या रकान्यात ठेवली आहे. कोणीही एफ-१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडतो, १२००चे १२ करतो आणि ऑर्डर पाठवतो. सर्व्हरने आलेला आकडा तसाच मानला, तर १२ रुपयांचं बिल तयार! यासाठी हॅकर असावं लागत नाही. म्हणून ब्राउझरकडून फक्त वस्तूचा क्रमांक आणि नग घ्यावेत, नगही शून्य किंवा उणे नाहीत ना हे बघावं आणि किंमत आपल्या डेटाबेसमधूनच काढावी. ब्राउझरमधली तपासणी जरूर ठेवा; मोबाइल नंबरात एक अंक कमी पडला तर माणसाला लगेच कळतं. पण ती सोय आहे, सुरक्षा नव्हे. गुप्त एपीआय कीचंही तेच. कोड कितीही आकसून, गुंतागुंतीचा करून पाठवला तरी ब्राउझरपर्यंत गेलेली की वाचता येते.

गैरसमज: ब्राउझरमध्ये चालणारं अ‍ॅप वेगवानच असतं.

वस्तुस्थिती: अशा अ‍ॅपचं पहिलं पान अनेकदा जवळजवळ रिकामं येतं. मग जावास्क्रिप्ट उतरते, चालते, माहिती मागवते आणि तेव्हा कुठे काहीतरी दिसतं. स्वस्तातला फोन आणि अडखळतं नेटवर्क असेल, तर तोवर माणूस पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतो. सर्व्हरने तयार एचटीएमएल पाठवलं तर मजकूर सहसा लवकर दिसतो. मात्र चित्र काढणं, नकाशा सरकवणं, नेट नसताना नोंदी करणं अशी कामं ब्राउझरमध्येच शोभतात. नेटविना पान उघडण्याची सोय सर्व्हिस वर्कर या ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या स्क्रिप्टमुळे होते.

यादी, तपशील आणि फॉर्म एवढंच अ‍ॅप असेल आणि टीम लहान असेल, तर जँगो किंवा लाराव्हेलने पानं सर्व्हरवर बनवा आणि अडेल तिथेच जावास्क्रिप्ट घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अ‍ॅप लोकांसमोर आणण्याआधी एकदा स्वतःच एफ-१२ दाबून किंमत बदलून बघा. ऑर्डर बदललेल्या किमतीने गेली, तर अ‍ॅप अजून तयार नाही.