गवती चहाचा सुगंध व घन आम्लें

जुहूच्या किनाऱ्यावर एके काळीं माडांच्या वाड्या होत्या. माडी आंबली म्हणजे तींत मद्यार्क उत्पन्न होतो, एवढें रसायनज्ञान आमच्या वाचकांसही आहे. अर्थात् तें पुस्तकी! या मद्यार्काचा कांहीं अंश हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून त्याचें आल्डिहाइड बनतें. पुढें आम्लाच्या सान्निध्यांत मद्यार्काचे दोन रेणू व आल्डिहाइडाचा एक यांचा संयोग होऊन, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो व ‘ॲसिटल’ तयार होतें. मुरलेल्या मद्यांच्या गंधांत त्याचा वांटा असतो.

परंतु सोंवळ्या घरांतही या पदार्थाचें काम पडतें. आपल्या गवती चहाचा लिंबासारखा वास मुख्यत्वें सिट्रल या आल्डिहाइडाचा. तें साबणांत घातलें तर तेथील अल्कलीच्या संगतीनें बिघडतें. त्याचेंच ॲसिटल करून घातलें तर अल्कलीची मात्रा त्यावर चालत नाहीं, आणि वडी संपेपर्यंत वास टिकतो.

तें करावें कसें, हा खरा प्रश्न. जुनी रीत गंधकाम्लाचे थोडे थेंब घालण्याची. काम तर होतें; पण मागाहून तें आम्ल सोड्यानें मारावें लागतें, आणि उरलेलें खारट पाणी कोठें तरी सोडावें लागतें. मुंबईसारख्या समुद्रानें वेढलेल्या शहरांत ‘कोठें तरी’ याचा अर्थ सांगावयास नको. शिवाय सिट्रलासारखा नाजूक पदार्थ तीव्र आम्लानें स्वतःच विघडतो.

म्हणून आम्ल द्रवरूप न ठेवतां घन पदार्थाच्या अंगीं बसवावयाचें. पाणी मृदु करण्याच्या यंत्रांत असतात त्या जातीचे राळेचे मणी, किंवा मुलतानी मातीच्या गोत्रांतील, आम्लानें संस्कारिलेली माती, या कामीं येते. काम संपलें कीं गाळून घ्यावी, पुन्हा वापरावी. चहाच्या चोथ्याला हें भाग्य नाहीं!

जुहूहून कांहीं मैलांवर, माटुंग्यास, १९३३ सालीं स्थापन झालेली रसायन-तंत्रज्ञानाची संस्था आहे. तेथील प्रा. गणपती यादव यांनीं घन आम्लांचा दीर्घकाळ अभ्यास केला. सुगंधी आल्डिहाइडांच्या ॲसिटलांवरील त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्याचा निबंध १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. २०१६ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. टंग्स्टन व स्फुरद यांपासून होणारें एक जबर आम्ल मातीवर बसवून त्यांनीं अनेक क्रिया घडविल्या. नुसतें तें आम्ल मद्यार्कांत विरघळून जातें, मग गाळण्यास उरणार काय? मातीचा आधार म्हणूनच हवा.

अडचणी अर्थातच आहेत. क्रिया उलट दिशेनेंही चालते. निघणारें पाणी काढून घेतलें नाहीं तर ॲसिटल मोडून पुन्हा मूळपदावर येतें. मातीच्या छिद्रांत चिकट मळ सांचला म्हणजे ती भाजून घ्यावी लागते. राळेला ती सोय नाहीं. सुमारें १२० अंश सेंटिग्रेडच्या पुढें तिला उष्णता सोसवत नाहीं.