फोन अपडेट मागतो तेव्हा

मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक होती. हजेरी झाली, कर्जफेड झाली आणि चहा येईपर्यंत विषय निघाला मोबाईलचा. एकीचा फोन रोज ‘अपडेट करा’ म्हणून मागे लागला होता, तर दुसरीच्या फोनला दोन वर्षांत तसलं काही आलंच नव्हतं. एक काकू म्हणाल्या, “माझं रिचार्ज साधं ना, म्हणून सिमवाले मला पाठवत नसतील.” त्यावर दुसरी म्हणाली, “वाट कशाला बघायची? बाजाराच्या दिवशी दुकानात न्यायचा, दोन-तीनशेत करून देतात.” दुकानाचं नाव निघालं तसे आम्ही गप्प झालो. का गप्प झालो ते पुढे सांगतो.

आधी काकूंचं बोलणं घेऊ. अपडेट म्हणजे फोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती. ती दोन जागी होते. व्हॉट्सॲप, बँकेचं ॲप, गटाच्या नोंदींचं ॲप ही प्ले स्टोअरमधून अपडेट होतात. ती आपल्या सवयीची आहेत. त्यांच्याखाली मात्र फोनचा स्वतःचा पाया असतो, अँड्रॉइड नावाचा. त्याचं अपडेट सेटिंगमध्ये येतं. आज बोलतोय ते या पायाच्या अपडेटबद्दल.

हे अपडेट सिमवाले पाठवत नाहीत. आपल्याकडे फोन एका दुकानातून घ्यायचा आणि सिम दुसऱ्याचं घालायचं, अशी रीत आहे. सिम बदललं तरी फोन तोच राहतो. त्यामुळे अपडेट पाठवणारी कंपनी फोनची, म्हणजे ज्या कंपनीचं नाव फोनच्या पाठीवर असतं ती. रिचार्ज मोठं की छोटं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. नेट तेवढं हवं. याला आपल्याकडे अपवाद म्हणजे २०१७ साली आलेला बटनांचा जिओफोन. त्यात फोनही त्यांचा आणि सिमही त्यांचंच.

तरी काकू अगदीच चुकल्या असंही नाही. अमेरिकेत बऱ्याच जणांचं तसंच चालतं. तिथे पुष्कळ लोक फोन सिम कंपनीकडूनच हप्त्यावर घेतात. तो फोन त्या कंपनीच्या सिमला बांधलेला असतो आणि तिची स्वतःची ॲप्सही त्यात भरलेली असतात. फोन बनवणाऱ्याने अपडेट तयार केलं की सिम कंपनी ते आपल्या नेटवर्कवर तपासते आणि मगच सोडते. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन फोन असले, तर सुटा घेतलेल्याला अपडेट आधी मिळायचं आणि सिम कंपनीकडून घेतलेला वाट बघत बसायचा, असं तिथे वर्षानुवर्षं चाललं. आयफोनवाल्यांना हा त्रास कमी, कारण फोनही ॲपलचा, सॉफ्टवेअरही ॲपलचं, आणि अपडेट ती कंपनी थेट पाठवते.

आपल्या मार्गातून सिम कंपनी गेली, तरी वाट बघणं संपलेलं नाही. सरकारी निधीचं कसं होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. जीआर निघतो, पण त्या दिवशी गटाच्या खात्यात पैसे दिसत नाहीत. मधे चार टेबलं असतात. इथेही गूगल अँड्रॉइड दुरुस्त करतं. मग फोनच्या आतली चिप बनवणारे, म्हणजे क्वालकॉम, मीडियाटेक यांसारखे, ते आपल्या चिपला जुळवतात. मग फोनची कंपनी त्यावर आपला साज चढवते आणि एकेका मॉडेलवर चालवून बघते. महागडी मॉडेलं आधी, आपली आठ-दहा हजारांची नंतर. २०१७ साली आठव्या अँड्रॉइडपासून गूगलने आपला भाग आणि चिपचा भाग वेगळा केला, म्हणून हे काम थोडं सोपं झालं. रांग मात्र आहेच.

शेवटच्या टप्प्यातही सगळ्यांना एका दिवशी अपडेट जात नाही. कंपनी आधी थोड्या फोनना पाठवते, तक्रार येते का बघते, मग बाकीच्यांना सोडते. शितावरून भाताची परीक्षा म्हणा. म्हणून जावेला सोमवारी आलेलं अपडेट तुम्हाला पुढच्या आठवड्यात येतं. फोन तोच असला तरी. अशा वेळी थांबायचं, त्यात काही बिघडत नाही.

मग एवढा आटापिटा कशाला, असं एकीने विचारलं. फोन लागतोय, गाणी वाजतायत, चाललंय ते चालू दे. याचं उत्तर २०१५ सालच्या एका गोष्टीत आहे. त्या वर्षी अँड्रॉइडमध्ये एक भोक सापडलं. व्हिडिओ वाचणाऱ्या भागात ते होतं. नुसता एक व्हिडिओचा मेसेज पाठवून दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरता येत होतं, काही फोनमध्ये तर मेसेज उघडायचीही गरज नव्हती. ज्यांनी ते शोधलं त्यांचा अंदाज होता की जगातले सुमारे ९५ कोटी फोन त्यात सापडतात. गूगलने दुरुस्ती लवकर केली, पण ती फोनपर्यंत पोचायला तीच चार टेबलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गूगलने दर महिन्याला सुरक्षेची दुरुस्ती काढायला सुरुवात केली. तिला सिक्युरिटी पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळच. पावसाळ्याआधी आपण कौलं शाकारतो, तसलं काम. फोनमध्ये गटाचं यूपीआय आहे, बँकेचे ओटीपी येतात, आधारचे फोटो आहेत. छप्पर गळकं ठेवून चालणार नाही.

आता ‘स्वतः करून घेणं’. यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी लोक एकाच नावाने बोलतात. पहिली, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कंपनीने पाठवलेलं अपडेट आपण होऊन उतरवणं. दुसरी, कंपनीने न पाठवलेलं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरला वायर जोडून फोनमध्ये भरणं. दुकानात याला ‘सॉफ्टवेअर मारणं’ म्हणतात.

दुसरी गोष्ट वाईटच असते असं आम्ही म्हणणार नाही. जगभरात जाणकार लोक ते करतात. कंपनीने सोडून दिलेल्या जुन्या फोनसाठी स्वयंसेवक मंडळी लिनिएजओएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर बनवतात, आणि त्यावर जुने फोन पुढे चालतात. पण त्यासाठी आधी फोनचं आतलं कुलूप उघडावं लागतं. ते उघडलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं. ही चूक नव्हे, मुद्दामच तशी सोय आहे, चोराने कुलूप तोडलं तर आतला माल त्याच्या हाती लागू नये म्हणून. आणि कुलूप उघडं दिसलं की बँकेची आणि यूपीआयची बरीच ॲप्स त्या फोनवर चालायला नकार देतात. चुकीच्या मॉडेलची फाईल गेली, किंवा मधेच वीज गेली, तर फोनची वीट होते.

हे आम्हाला आज माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी नव्हतं. आमच्या एका गटाच्या सचिव ताईंचा फोन फार हळू चालत होता आणि नोंदींचं ॲप अडखळत होतं. आम्हीच त्यांना म्हणालो, “ताई, फोन अपडेट करून आणा.” एवढंच म्हणालो. कुठून, कसं, ते सांगितलं नाही. ताई बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्या. दुकानातल्या मुलाने ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हटलं, तीनशे रुपये घेतले. संध्याकाळी फोन नव्यासारखा चकाचक होऊन आला. आत काही नव्हतं. नातवाच्या बारशाचे फोटो गेले, नंबर गेले, आणि गटाच्या अकरा महिन्यांच्या बँक स्लिपांचे फोटो गेले. फोन सुरू करताना पडद्यावर इशारा यायला लागला आणि बँकेचं ॲप उघडेना.

दुकानदाराने फसवलं असं आम्ही म्हणत नाही. डेटा जाईल असं तो बोलला नाही आणि ताईंनी विचारलं नाही. विचारायचं असतं हे तरी त्यांना कोण सांगणार होतं? ते काम आमचं होतं.

वही होती म्हणून निभावलं. पण वही आणि बँकेचा हिशोब जुळवायला घरोघर स्लिपा गोळा कराव्या लागल्या. एका हप्त्याची नोंदच लागेना. बाराशे रुपये. त्या बाई म्हणत होत्या, भरलेत, स्लिपेचा फोटो ताईंनी काढलाय. तीन बैठका त्यावर गेल्या, आवाज चढले. सचिव ताईंनी पद सोडायची तयारी दाखवली. शेवटी गटाने त्या बाईंचा शब्द धरला. पण त्या बाई पुढचे दोन-तीन महिने बैठकीला मागे, दाराजवळ बसायच्या. ते आमच्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून आता आम्ही ‘अपडेट करून आणा’ असं म्हणत नाही. ‘बसा, इथेच करू’ म्हणतो. ते असं करतो.

सेटिंग उघडायचं. खाली कुठेतरी ‘सॉफ्टवेअर अपडेट’ किंवा ‘सिस्टम अपडेट’ असतं, काही फोनमध्ये ‘फोनबद्दल’ या नावाखाली. तिथे तपासायचं. कंपनीने पाठवलं असेल तर तिथेच दिसेल. हेच एक दार. व्हॉट्सॲपवर ‘अपडेट’ नावाची फाईल आली, कुणी बँकेतून बोलतोय सांगून लिंक पाठवली, तर ते दार नव्हे, खिंडार. हात लावायचा नाही. चुकून लावला आणि पैसे गेले, तर लगेच १९३० ला फोन करायचा. पहिल्या तासाभरात केलेला बरा.

अपडेट उतरवण्याआधी वहीचे, स्लिपांचे फोटो गूगल खात्यात किंवा दुसऱ्या एका मैत्रिणीच्या फोनवर ठेवायचे. नेहमीच्या अपडेटने काही पुसलं जात नाही, पण एकदा पोळलोय. जागा नसेल तर सुप्रभातचे फोटो आधी काढा, त्यांनीच अर्धा फोन भरलेला असतो. महिन्याचं ठिगळ काहीशे एमबीचं असतं, मोठं अपडेट एक-दोन जीबीच्या पुढेही जातं. रोजचा डेटा रात्री बाराला वाया जातोच, तर जेवणं झाल्यावर लावा. फोन निम्म्याच्या वर चार्ज हवा. भारनियमनाच्या वेळा बघून घ्या. आणि सुरू झालं की मधे बंद करायचं नाही.

एक गोष्ट मात्र हमखास राहते. फोन बंद होऊन सुरू झाला की अंगठा चालत नाही, पहिल्यांदा पिन मागतो. आमच्याकडे एका मावशींना पिन माहीतच नव्हता. फोन मुलाने सुरू करून दिलेला, मुलगा पुण्याला, रात्रपाळीला. सकाळपर्यंत फोन कुलूपबंद. तेव्हा पिन आधी विचारून ठेवा.

सुरक्षेचं ठिगळ आलं की दोन-चार दिवसांत लावून टाकायचं, ‘नंतर’ वर बोट ठेवत महिने घालवायचे नाहीत. अख्खं नवं अँड्रॉइड आलं असेल तर मात्र आम्ही स्वतः दोन-तीन आठवडे थांबतो. आपल्याच मॉडेलचा फोन असलेल्या कुणाला काही त्रास झाला का, बँकेचं ॲप नीट चालतं का, ते विचारतो. बँकेचे साहेब यायच्या आदल्या रात्री तर कोणतंच अपडेट नको.

आता राहिली ती जिच्या फोनला दोन वर्षांत काहीच आलं नाही ती. तिच्या फोनवर तपासलं तर लिहून आलं, ‘तुमचा फोन अद्ययावत आहे’. ती खूश झाली. पण त्याचा अर्थ एवढाच की कंपनीकडे या फोनला द्यायला आणखी काही नाही. खरी स्थिती कळते ती त्याच सेटिंगमधल्या ‘सिक्युरिटी पॅच’च्या तारखेवरून. तारीख दोन-चार महिन्यांपूर्वीची असेल तर रांगेत आहात, थांबा. दीड-दोन वर्षांपूर्वीची असेल तर रांगच उठली आहे. अँड्रॉइड १० किंवा पुढचं असेल तर ‘गूगल प्ले सिस्टम अपडेट’ असंही एक नाव दिसेल. ते गूगल थेट पाठवतं, तेही दाबून बघा. त्याने थोडी भोकं बुजतात, सगळी नाही. असा फोन बोलायला, गाणी ऐकायला, आपला कार्यक्रम ऐकायला ठेवा. गटाचं यूपीआय त्यातून काढा.

आणि पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी विचारा, अपडेट किती वर्षं मिळणार. गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या महागड्या फोनना सात वर्षं द्यायचं सांगितलं. स्वस्त फोनला त्याहून कमी मिळतात. ही वर्षं बहुतेक वेळा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये स्वस्तात मिळणारा फोन दोन वर्षांपूर्वीचा असेल, तर त्याची दोन वर्षं दुकानातच गेलेली असतात.

त्या बैठकीत चहा गार होईपर्यंत बारा फोन बघितले. पाच जणींना अपडेट येऊन पडलं होतं, त्यात काकूंचाही एक. तिघींचे फोन रांगेबाहेर निघाले. उरलेल्या चौघींनी थांबायचं ठरलं. सचिव ताईंनी नवा फोन घेतलाय, आणि स्लिपांचे फोटो आता त्या अध्यक्ष ताईंच्या फोनवरही पाठवतात. पुढच्या बुधवारी तुमच्या गटात फोन तपासलेत की तारखा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच पानावर पुन्हा बघायचंय.