तळहातावरचे रणगाडे – लेखांक ७ : माउस कुठल्या महिन्यातला?

मागच्या लेखांकात टी-३४ ची जोडणी पुरी करताना एक सवलत आपण बिनदिक्कत घेतली होती. तो रणगाडा युद्धकाळात हजारोंनी निघाला, वेगवेगळ्या कारखान्यांत निघाला आणि आघाडीवर दुरुस्त होताना एकाची चाकं दुसऱ्याला लागली. त्यामुळे मॉडेलवर एखादं चाक वेगळ्या धाटणीचं बसलं, तरी ‘असाही एखादा असेलच की’ म्हणून वेळ मारून नेता येत होती. या आठवड्यापासून ती सवलत बंद. आता हातात घ्यायचा आहे तो जर्मनीचा अतिजड प्रायोगिक रणगाडा, ‘माउस’. वजन १८८ टन आणि नाव उंदराचं. असे दोनच तयार झाले आणि त्यातल्या एकालाच खरा टरेट बसला.

दोनच असल्यामुळे ‘सर्वसाधारण माउस’ नावाची चीज अस्तित्वातच नाही. आपण जो बनवू तो अमुक ठिकाणचा, अमुक महिन्यातला माउस असणार. तो महिना ठरल्याशिवाय खोक्यातल्या पहिल्या स्प्रूला कटर लावू नका. टरेट बसवायचा की नाही, रंग कोणता, चिखल किती, हे सगळे निर्णय त्या एका निर्णयाच्या पोटात आहेत. म्हणून आधी तारखा पाहू.

जून १९४२ मध्ये हिटलरने फर्डिनांड पोर्शेंकडे या रणगाड्याचं काम सोपवलं. मे १९४३ मध्ये त्याच्यासमोर माउसचा पूर्णाकृती लाकडी नमुना मांडला गेला. म्हणजे या रणगाड्याचं पहिलं मॉडेल पोलादाच्या आधी सुतारांनी बनवलं. चिलखती धड आणि टरेट क्रुपकडे, तर जोडणी बर्लिनच्या आल्केट कारखान्याकडे होती. त्याच वर्षी एसेनवरच्या बॉम्बहल्ल्यांत क्रुपचे कारखाने होरपळले आणि वर्ष संपेपर्यंत मोठ्या उत्पादनाचा बेत रद्द झाला. हातातले नमुने मात्र पुरे करायचे ठरले. पहिला नमुना, व्ही-१, डिसेंबर १९४३ मध्ये आल्केटच्या आवारात स्वतःच्या बळावर हलला.

जानेवारी १९४४ मध्ये त्याला दक्षिण जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेनला नेलं. तिथल्या चाचण्यांत त्याच्या पाठीवर टरेट नव्हता, टरेटइतक्या वजनाचा नुसता भार होता. दुसरा नमुना, व्ही-२, मार्चमध्ये तिथे पोचला आणि उन्हाळ्यात त्याला तोफांसकट खरा टरेट मिळाला. पुढे दोघांची रवानगी बर्लिनच्या दक्षिणेला कुमर्सडोर्फच्या चाचणी मैदानाकडे झाली. १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा जवळ आल्या तेव्हा जर्मनांनी व्ही-२ सुरुंगाने उडवला. त्याचा सुमारे ५५ टनांचा टरेट ओढायला सोव्हिएत सैनिकांना जर्मनांचीच सहा अवजड अर्धपट्टा वाहनं जुंपावी लागली. तो टरेट त्यांनी व्ही-१ च्या धडावर चढवला आणि हा जोड मे १९४६ मध्ये मॉस्कोजवळच्या कुबिन्काला पोचवला. आज संग्रहालयात दिसतो तो हाच.

तेव्हा पर्याय तीन. १९४४ च्या आरंभीचा, टरेट नसलेला व्ही-१. १९४४ च्या उन्हाळ्यानंतरचा, टरेट असलेला व्ही-२. किंवा १९४६ नंतरचा कुबिन्काचा जोड. बहुतेक जण खोक्यावरचं चित्र पाहून टरेटवाला बनवतात, पण संदर्भाला कुबिन्काचे रंगीत फोटो समोर ठेवतात. तिथेच घोटाळा होतो. त्या फोटोंतलं धड व्ही-१ चं आहे, टरेट व्ही-२ चा आणि रंग युद्धानंतरच्या संग्रहालयाचा. तपशील मोजायला ते फोटो उत्तम. १९४४ चा पुरावा म्हणून त्यांचा उपयोग नाही.

आता मापं. १:३५ प्रमाणात ड्रॅगन आणि टाकोम या दोन्ही कंपन्यांचे माउसचे संच निघालेले आहेत. तोफेसकट १०.२ मीटर लांबी या प्रमाणात २९ सेंटीमीटर होते, ३.७१ मीटर रुंदी साडेदहा सेंटीमीटरच्या थोडी वर जाते आणि ३.६३ मीटर उंची जवळपास तितकीच. रुंदी आणि उंची इतकी सारखी असल्यामुळे समोरून पाहिलं तर माउस चौकोनी ठोकळा दिसतो. जोडणीत धड किंचित तिरकं झालं तर एरवी खपून जातं, इथे ते पहिल्या नजरेत पकडलं जातं. म्हणून तळाचा भाग आणि बाजू जोडताना घाई नको. गुण्याने कोपरे तपासा, सपाट काचेवर ठेवून सिमेंट पुरतं वाळू द्या.

पट्ट्यांची रुंदी १.१ मीटर, म्हणजे मॉडेलवर ३१ मिलीमीटर. दोन पट्टे मिळून रणगाड्याच्या रुंदीतला निम्म्याहून जास्त भाग खातात. इतकं वजन जमिनीत रुतू नये म्हणून ते जितक्या मोठ्या क्षेत्रावर पसरेल तितकं पसरवण्याची ही धडपड. पट्ट्यांचा वरचा भाग आणि चाकं बाजूच्या चिलखतामागे झाकलेली आहेत. बाहेरून दिसते ती जमिनीलगतची कड, पुढचं टोक आणि मागचं दातेरी चाक. संचात चाकांचे भाग ढिगाने असतात आणि प्रत्येकावरची साच्याची रेघ घासत बसायचा मोह होतो. आतली चाकं नुसती सरळ रांगेत बसतील एवढंच पाहा. वाचलेला वेळ समोरून आणि मागून दिसणाऱ्या कड्यांवर घालवा, कारण नजर तिथेच जाणार आहे.

टरेट मागे का, हा प्रश्न मॉडेल हातात घेतल्यावर हमखास पडतो. उत्तर पोटात आहे. चालकाच्या मागे इंजिन, त्यामागे वीज बनवणारं जनित्र आणि पार शेवटी पट्टे फिरवणाऱ्या विद्युत मोटारी. इंजिनाची ताकद गिअरमधून थेट पट्ट्यांना न देता तिची आधी वीज करायची आणि त्या विजेवर मोटारी चालवायच्या, ही पोर्शेंची जुनी आवड. १८८ टन पेलणारी गिअरपेटी बनवण्यापेक्षा हा मार्ग त्यांना सोपा वाटला. व्ही-१ मध्ये विमानाच्या इंजिनावरून बेतलेलं डाइम्लर-बेंझचं पेट्रोल इंजिन होतं, व्ही-२ साठी डिझेल ठरलं. अंतर्भाग उघडा दाखवणार असाल तर हा फरक विसरू नका.

याच विजेमुळे एक अचाट योजनाही आखली गेली होती. माउसला पेलेल असा पूल मिळणं अवघड, तेव्हा त्याने नदी तळातून पार करायची. छिद्रं बंद करून, हवेसाठी उंच नळी लावून तो पाण्यात उतरणार आणि काठावर उभा असलेला दुसरा माउस केबलने त्याला वीज पुरवणार. पहिला पलीकडे पोचला की भूमिका बदलायच्या. रेल्वेने नेण्यासाठीही साधा डबा चालत नव्हता, चौदा आसांचा खास वाघिणीसारखा डबा बनवावा लागला. देखावा उभारण्याची हौस असेल तर रेल्वेच्या डब्यावरचा माउस हा लढाईच्या कुठल्याही देखाव्यापेक्षा खरा ठरेल.

पृष्ठभागाकडे वळू. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पॅटन रणगाडा पाहिला असेल तर त्याच्या ओतीव टरेटचा खरखरीतपणा आठवा. तो खरखरीतपणा पातळ पुट्टी थापून मॉडेलवर आणायची युक्ती आपण लेखांक ४ मध्ये पाहिली होती. माउसच्या पाट्यांवर ती चालणार नाही, कारण त्या लाटलेल्या पोलादाच्या आहेत. पाटी सपाट ठेवायची आणि काम करायचं ते कडांवर. पाट्या एकमेकींत खाचा घालून गुंतवलेल्या आणि वेल्डिंग केलेल्या आहेत. हे वेल्ड एम-सीलची बारीक वळी लावून, ओली असतानाच सुरीच्या टोकाने दाबून काढता येतात. पाट्या ज्योतीने कापल्याच्या खुणा कडेवर असतात, त्यासाठी बारीक करवतीच्या पात्याने उभ्या रेघा ओढा. पुढची २०० मिलीमीटरची पाटी या प्रमाणात पावणेसहा मिलीमीटर जाड येते, म्हणून जाडी दिसेल तिथे कोपरे पॉलिश पेपरने गोल करू नका. टरेटचा पुढचा भाग मात्र वाकवलेल्या पाटीचा आहे. तिथे वळण सलग हवं, मध्ये जोडाची रेघ राहता कामा नये.

तोफा दोन, शेजारी शेजारी: १२८ मिलीमीटरची आणि ७५ मिलीमीटरची. भोकं तपासायला सोपी कसोटी आहे. १:३५ मध्ये मोठीचं तोंड ३.७ मिलीमीटर आणि छोटीचं २.१ मिलीमीटर यायला हवं. त्या मापाची ड्रिलची टोकं घालून पाहा. मोठ्या तोफेची नळी २० सेंटीमीटरची आहे. एवढ्या लांबीत प्लास्टिक थोडंसं वाकलं तरी दिसतं, म्हणून दोन भागांची नळी असेल तर जोडल्यावर ती पट्टीला बांधून वाळवा.

रंगाच्या बाबतीत कागदोपत्री आधार पक्का आहे. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन रणगाड्यांचा पायाचा रंग गडद पिवळा होता, त्यावर ऑलिव्ह हिरवा आणि तांबूस तपकिरी हे दोन रंग रंगपट्ट्यांसाठी. ब्योब्लिंगेनचे फोटो कृष्णधवल आहेत. त्यांतून रंगपट्ट्यांचा आकार कळतो, छटा कळत नाही, म्हणून आकार फोटोतून घ्या आणि छटा वरच्या तीन रंगांतून. चुंबकी सुरुंगांपासून बचावासाठी त्या काळातल्या अनेक जर्मन रणगाड्यांवर खवलेदार लेप असे, माउसवर तो नव्हता. तुकडीचे क्रमांक आणि नळीवरची शिकारीची वलयंही नकोत, माउस कुठल्या तुकडीत गेला नाही आणि त्याने काही मारलं नाही. एक स्थानिक सूचना: पावसाळ्यात लॅकर फवारला तर हवेतल्या ओलाव्याने तो पांढरट पडतो. मुंबई-कोकणातल्या मंडळींनी कोरडा दिवस गाठावा किंवा अ‍ॅक्रिलिक वापरावा.

जुनं दिसण्याचं काम इथे वेगळ्या हिशेबाने करायचं. वर्षभर आघाडीवर रखडलेल्या रणगाड्यासारखे उडालेले टवके, गोळ्यांचे ओरखडे, गंजाचे ओघळ माउसवर खोटे. त्यावर हवेत ते कारागिरांच्या बुटांचे ठसे, इंधन भरायच्या तोंडाशी सांडलेलं तेल, झाकणांच्या कडांना घासलेला रंग. आणि भरपूर चिखल. ब्योब्लिंगेनच्या मऊ जमिनीत माउस रुतल्याचे फोटो प्रसिद्ध आहेत.

चिखलाचा मुद्दा सजावटीचा नाही. प्रमाण १:३५ असलं की लांबी पस्तीस पटीने कमी होते, पण वजन पस्तीसच्या घनाने, म्हणजे ४२,८७५ पटीने. या हिशेबाने आपल्या माउसचं वजन सुमारे ४ किलो ४०० ग्रॅम भरायला हवं, पाच किलोच्या आट्याच्या पिशवीपेक्षा थोडं कमी. प्लास्टिकचं मॉडेल त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि पाहणाऱ्याच्या नजरेला ते नकळत जाणवतं. आत शिशाचे तुकडे भरून उचलणाऱ्या हाताची फसवणूक होईल, डोळ्याची नाही. डोळ्याला वजन दिसतं ते जमिनीत. पट्टा किती बुडाला, कडेला माती किती फुगली, मागे उमटलेला ठसा किती खोल आहे, यावरून. सपाट पाटीवर नुसता टेकवलेला माउस कितीही नेटका असला तरी पोकळच वाटणार.

म्हणून माझी शिफारस पहिल्या पर्यायाची आहे: १९४४ च्या आरंभीचा, टरेट नसलेला, ब्योब्लिंगेनच्या चिखलातला व्ही-१. या मॉडेलमध्ये तोफेचा दिमाख नाही, प्रदर्शनात त्याच्यापुढे गर्दी होणार नाही. पण माउस प्रत्यक्षात काय होता ते यातच दिसतं. ताशी २० किलोमीटरचं स्वप्न होतं, चाचण्यांत वेग १३ च्या आसपास अडकला. जर्मनीचा पँथर ४५ टनांचा होता, म्हणजे एका माउसच्या वजनात चार पँथर बसतात, आणि पोलादाची चणचण असताना, सक्तीच्या मजुरांकडून कारखाने राबवून घेत असताना ते वजन असं खर्ची पडत होतं. टरेट आणि तोफा चढवल्या की मॉडेल नकळत त्या रणगाड्याची जाहिरात करू लागतं. टरेटच्या जागी नुसता भार वाहणारा, अर्धा रुतलेला नमुना तशी जाहिरात करत नाही. ज्यांना टरेट हवाच आहे त्यांनी व्ही-२ घ्यावा, फक्त महिना उन्हाळ्यानंतरचा धरावा.

पुढच्या लेखांकासाठी तयारी अशी. तीनपैकी एक पर्याय ठरवा आणि त्या काळातले फोटो एका फाइलीत लावा, कुबिन्काचे वेगळ्या फाइलीत. व्ही-१ निवडणाऱ्यांनी १ मिलीमीटरची प्लास्टिक शीट आणून ठेवावी, टरेटच्या जागचा भार आपण फोटोंवरून मापं काढून स्वतः कापणार आहोत. सगळ्यांनीच थर्माकोलचा तुकडा, प्लास्टर आणि चाळलेली बागेतली माती जमवावी. पुढच्या आठवड्यात रणगाड्याच्या आधी जमीन तयार करायची आहे. पट्टे सिमेंटने पक्के करण्यापूर्वी ते त्या ओल्या जमिनीत दाबून पाहायचे आहेत, म्हणून या आठवड्यात पट्टे चिकटवू नका.